गाडी जुनी, सीटही जुनीच

जुन्या गाडीचे जुने सामान जिथे मिळते त्या जागेला बीडमध्ये धड नाव नाही. कोणी भंगार म्हणते, कोणी जुना माल म्हणते आणि बहुतेक जण नुसतेच ‘तिकडे’ म्हणतात. ‘तिकडं बघा की साहेब, मिळून जाईल,’ असे मिस्त्री सांगतो आणि हातातल्या पान्याने एक दिशा दाखवतो. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुंबईत कुर्ल्याला मोटारीचा वाटेल तो भाग मिळतो अशी ख्याती आहे. जिल्ह्याच्या गावाला असली ख्याती नसते. पत्र्याची चार-सहा दुकाने, दाराशी टायरांची चळत, आत अंधार आणि ग्रीसचा वास. तिथे शिरणारे गिऱ्हाईक आधी मागे वळून पाहते, ओळखीचे कोणी आहे का म्हणून. नव्या वस्तूची पिशवी हलवत येणारा माणूस आणि सुतळीने बांधलेली जुनी सीट काखेत मारून येणारा माणूस, यांच्या चालण्यातच फरक असतो. तो फरक पडायचे काही कारण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

विषय सीटचा आहे. स्कूटरच्या, मोटारसायकलच्या, झालेच तर ट्रॅक्टरच्या सीटचा. रविवारच्या पानासाठी तो फारच किरकोळ वाटेल. पण जुन्या गाडीवर ज्याचे घर चालते त्याला विचारून पाहा. इंजिन बिघडले तर गाडी थांबते, आणि थांबली की कसेही करून दुरुस्त होतेच. सीट बिघडली तर गाडी चालतच राहते. त्रास होतो तो बसणाऱ्याला, आणि बसणाऱ्याचा त्रास घरच्या खर्चाच्या यादीत सगळ्यांत शेवटी येतो.

आमच्याकडे १९८८ सालची बजाज चेतक आहे. राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव घेऊन ही स्कूटर १९७२ साली बाजारात आली आणि २००५-०६च्या सुमारास बंद झाली. २०२० पासून त्याच नावाची विजेवरची स्कूटर रस्त्यावर दिसते, पण तिची सीट हिला बसत नाही. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. हुंड्याच्या यादीत स्कूटर असे, हेही लपवण्यात अर्थ नाही. बीड शहरातून पहिली आगगाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर परळी आणि आष्टीकडचा भाग सोडला तर आमच्या जिल्ह्याचा रेल्वेशी संबंध पाहुण्यांना आणायला नगरला जाण्यापुरताच. एसटी चुकली की दुचाकी. पाटोदा, वडवणी, धारूर या वाटांवर नवरा, बायको, पुढे उभे राहिलेले पोर आणि पायाशी पिशवी असा संसार याच एका सीटवरून गेलेला आहे.

मी बँकेत असताना दुचाकीच्या कर्जाची पुष्कळ प्रकरणे माझ्या हाताखालून गेली. तिथे एक शब्द रोज भेटे, घसारा. वस्तूची किंमत दरसाल कमी करत न्यायची आणि शेवटी वहीत एक रुपया उरवायचा. ज्या टेबलावर बसून आम्ही हे आकडे मांडत होतो त्या टेबलाची किंमतही वहीत एक रुपयाच होती, आणि टेबल मात्र सागवानी, ठणठणीत. घसारा सबंध वस्तूला एकदम लावतात, ती हिशेबाची सोय आहे. वस्तू काही तशी झिजत नाही. वीस वर्षांच्या स्कूटरचे रेक्झिन सातव्या वर्षी फाटलेले असते, फोम बाराव्या वर्षी बसलेला असतो आणि त्याखालचा पत्रा मात्र अजून दहा वर्षे जायला तयार असतो. हा हिशेब वहीत कुठे मांडता येत नाही. तो मांडता येतो फक्त ‘तिकडे’, जिथे प्रत्येक तुकड्याची किंमत निराळी असते.

कारण सीट ही एक वस्तू नव्हेच. चेतकची लांब सीट उलटी करून पाहा. खाली दाबून घडवलेल्या पत्र्याचा सांगाडा. त्याला पुढच्या बाजूला बिजागरी, मागे कुलपाची खिटी. पेट्रोलची टाकी सीटखाली असल्यामुळे पंपावर सगळ्यांनी उतरायचे आणि सीट उचलायची, हा या स्कूटरचा जन्माचा रिवाज. त्यामुळे बिजागरीची उघडझाप इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त. पत्र्यावर फोम, त्याआधीच्या पुष्कळ सीटांत रबर लावलेला काथ्या किंवा स्प्रिंगा. त्यावर रेक्झिन, जे पत्र्याच्या कडेच्या दात्यांत अडकवून दाते आत वळवलेले असतात. मधोमध धरायचा पट्टा. खाली चार रबरी गुट्ट्या, ज्या हरवल्या की सीट खडखडते आणि मालक इंजिनावर संशय घेतो.

यातले रेक्झिन आणि फोम नवेच घ्यावेत. जुना फोम घेऊ नये. तो दाबून पाहिला तर बरा वाटतो, पण आत त्याचा पिवळा भुगा व्हायला लागलेला असतो, आणि गाडी उभी राहिलेली असेल तर उंदरांनी त्यात घर केलेले असते. (कॅनडात स्थायिक झालेला माझा भाचा सांगतो की तिकडे बर्फावरून धावणाऱ्या गाड्यांचेही हेच दुखणे. उन्हाळाभर गाडी कोठीत पडते, उंदीर सीट पोखरतात आणि हिवाळा तोंडावर आला की जुन्या मॉडेलच्या सीटसाठी लोक गावोगाव विचारत फिरतात. गाडी बर्फावरची असो की बीडची, उंदीर सारखेच.) घ्यायचा असतो तो पत्रा, बिजागरी आणि खिटी. ते जुने, पण कंपनीचे. कारण आज बाजारात नवी म्हणून मिळते ती सीट बहुधा कंपनीची नसते, नकलेची असते. वरून झकपक, पत्रा पातळ. त्याला घडी देतानाच तो थकलेला असतो.

आमच्या इथले एक जुने दुकानदार, त्यांना सगळेच चाचा म्हणतात, हे एका वाक्यात सांगतात. ‘साहेब, नवी पाहिजे तर समोर दुकान हाय. दोन दिवाळ्या निघतेल. तिसऱ्या दिवाळीला इकडंच याल.’ यात धंद्याची भाषा आहे हे उघड आहे. तरी हिशेब मांडून पाहिला. गेल्या वर्षी मला नकलेची नवी सीट बाराशेला सांगितली. चाचांकडचा मूळचा पत्रा बिजागरीसकट साडेतीनशेला मिळाला, आणि कुशनवाल्याने फोम, रेक्झिन, शिलाई मिळून सहाशे घेतले. अडीचशे वाचले, एवढ्यासाठी हा खटाटोप नाही. जे हातात आले ते आणखी पंधरा वर्षे जाईल असे होते, ही गोष्ट महत्त्वाची.

जुना पत्रा कसा पाहावा, याचे एक शास्त्र आहे आणि ते कुठल्या पुस्तकात नाही. पत्रा आधी उन्हात नेऊन प्रकाशासमोर धरायचा. गंजाने पाडलेली सुईच्या अग्राएवढी भोके चांदण्यांसारखी दिसतात. दोन-चार असली तर हरकत नाही, कडेला ओळीने असली तर परत ठेवायचा. गंज वरून लागत नाही, आतून लागतो. रेक्झिनला चीर पडली की पावसाचे पाणी फोम पिऊन घेतो आणि दिवसेंदिवस पत्र्याला पाजत राहतो. मग पत्रा शहाबादी फरशीवर ठेवायचा. चारही कोपरे टेकले पाहिजेत. एक कोपरा नाचला तर पत्रा पिळलेला आहे. वाकलेला पत्रा हातोडीने सरळ होतो, पिळलेला होत नाही. बिजागरीच्या खिळ्याचे भोक गोल असावे. ते लांबुळके झाले असेल तर सीट चालत्या गाडीवर पुढे-मागे सरकणार. वेल्डिंगची गाठ दिसली तर बोट फिरवून पाहावे. रंग लावून लपवलेली भेग बोटाला कळते, डोळ्याला नाही. आणि लोहचुंबक खिशात असावा. जिथे तो चिकटत नाही तिथे लांबी भरलेली आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. या दुकानांत मी वर्षानुवर्षे गिऱ्हाइके पाहत आलो आहे. सीट हातात आली की पुरुष माणूस तिचा पुढचा अर्धा भाग दाबून पाहतो. मनातल्या मनात तिच्यावर बसतो, हँडल धरतो, मान हलवतो आणि पैसे काढतो. मागचा अर्धा भाग कोणी पाहत नाही. तिथे त्याला बसायचे नसते.

आणि खरी झीज तिथेच झालेली असते. आपल्याकडे साडी नेसलेली बाई मागे एका अंगाने बसते, दोन्ही पाय डावीकडे सोडून. सगळा भार सीटच्या डाव्या कडेवर. अशी दहा-पंधरा वर्षे गेली की पत्रा डावीकडे कलतो, खिटी एका बाजूने झिजते, फोम डावीकडे चपटा होतो. जुन्या सीटांच्या ढिगात ही कललेली सीट मी नजरेने ओळखतो, ती कुटुंबातली असते. अशा कललेल्या सीटवर बसणारी बाई सतत खाली घसरत असते आणि सतत स्वतःला वर ओढत असते. ‘अहो, मी सारखी घसरतेय,’ हे वाक्य मराठी संसारात किती वेळा उच्चारले गेले असेल, आणि त्याला ‘घट्ट धर’ याखेरीज दुसरे उत्तर किती वेळा मिळाले असेल? गतिरोधकावर किंवा खड्ड्यात मागची बाई पडली, अशी बातमी चार ओळींत येते. त्यात रस्त्याला दोष असतो, वेगाला दोष असतो. सीटकडे कोणी पाहिलेले नसते.

कायद्याने मात्र पाहिलेले आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम सांगतो की दुचाकीवर मागे बसणाऱ्याला धरायला कायमची मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी हवी. गाडी नवी असताना हे सगळे असते. जुनी होत जाते तशी जाळी गळते, मूठ गंजते, आणि सीट बदलताना धरायचा पट्टा कुशनवाला ‘दिसायला बरं दिसत नाही’ म्हणून काढून टाकतो. जुना पत्रा घेताना पट्ट्याचे दोन्ही आकडे शाबूत आहेत का, ते बघावे. नसतील तर वेल्डिंगवाल्याकडून लावून घ्यावेत. खर्च एका चहापाण्याचा.

ट्रॅक्टरची गोष्ट याहून कठीण. आमचा जिल्हा ऊसतोड मजुरांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यावर मुकादमाची उचल. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून ऊस ओढणारा ड्रायव्हर रात्ररात्र त्या सीटवर असतो, आणि कारखान्याच्या काट्यावर रांग लागली की तीच त्याची खाट होते. जुन्या ट्रॅक्टरांना पत्र्याची, बशीसारखी, भोके पाडलेली सीट असे. पुढच्या काळातल्या सीटांना खाली स्प्रिंग आणि शॉकअप आले, बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे ताण कमीजास्त करायची सोय आली. ट्रॅक्टर विकत घेणारा इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर बघतो, हायड्रॉलिक उचलून बघतो. सीटचा शॉकअप गेला असेल तर त्यावर गोधडीची घडी ठेवून ड्रायव्हरला बसवतो. गोधडी टोचणे थांबवते, हादरा थांबवत नाही. रोज तासन्‌तास बसणारा हादरा कण्यात साठतो, आणि चाळिशीच्या आत कमरेला पट्टा बांधून फिरणारे ड्रायव्हर आमच्याकडे कमी नाहीत. भंगारातल्या दुसऱ्या ट्रॅक्टरची शॉकअप शाबूत असलेली सीट काढून बसवली तर हे पुष्कळ टळते. पण सीट मालकाच्या पैशाने येते आणि कंबर ड्रायव्हरची असते. ट्रॅक्टरला कर्ज देणाऱ्या बँकांनी जुन्या ट्रॅक्टरच्या मूल्यांकनात सीटचा रकाना घालावा, असे माझे मत आहे. टायरचा असतो, तर सीटचा का नको?

जुन्या सामानाविषयी सभ्य माणसाच्या मनात जी अढी असते तिचे एक कारण रास्त आहे. चोरीचा माल. तो येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून, किंवा तसे मानायला कारण असून तो घेणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या ४११ कलमाखाली होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१७ कलमाखाली आहे. इंजिनावर आणि चासीवर नंबर असतो, सीटवर नसतो. म्हणून पावती मागावी. दुकानदार कुरकुरतात, पण चांगला दुकानदार देतो. चाचा शाळेच्या वहीच्या पानावर गाडीचे नाव, भाग, रक्कम आणि तारीख लिहून सही करतात. ज्या दुकानात पावती म्हटल्यावर चेहरा बदलतो तिथे सीट कितीही सरळ असली तरी फरशीवर ठेवून यावी.

अढीचे दुसरे कारण मात्र अर्धवट माहितीचे आहे. पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात घालावीच लागते, असा समज घरोघरी आहे. तो दिल्ली परिसरातल्या बंदीच्या बातम्यांनी पसरला. महाराष्ट्रात तसे नाही. पंधरा वर्षांनी तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते, त्याची फी भरावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. दुचाकीची ही फी १ एप्रिल २०२२ पासून तीनशेची हजार झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या दुचाकीला दोन हजार झाली. २०१९ पूर्वीच्या गाडीला नव्या सुरक्षा पाटीचे साडेचारशे आणि वर कर. म्हणजे जुनी गाडी ठेवायला सरकारची ना नाही, मात्र सरकारला ती आवडत नाही, एवढे कळते. धुराची गोष्ट खरी आहे. माझी चेतक दोन-स्ट्रोकची आहे, ऑइल जाळते, आणि ती मी रोज दवडावी असे कोणी म्हणणार नाही. पण गाडी कधी मोडायची हा एक प्रश्न, आणि मोडलेल्या गाडीच्या धडक्या भागांचे काय करायचे हा वेगळा.

या दुसऱ्या प्रश्नाकडे आमच्या नियमांचे लक्ष कमी आहे. भंगार धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाले. आयुष्य संपलेल्या वाहनांचे नवे नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले. त्यांत वाहन बनवणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे, ही चांगली गोष्ट. पण ती जबाबदारी मोजायची कशाने, तर परत मिळवलेल्या पोलादाने. सीटचा शाबूत पत्रा वितळवला तर तो हिशेबात येतो. तोच पत्रा केजच्या एखाद्या शेतकऱ्याच्या स्कूटरवर बसून आणखी पंधरा वर्षे राबला तर त्या हिशेबात त्याला जागा नाही. (शेतीच्या ट्रॅक्टरला तर हे नियम लागूच नाहीत.) युरोपीय संघाने मोटारींसाठी २००० साली जो निर्देश काढला त्यात उद्दिष्टाच्या टक्केवारीत पुन्हा वापरलेले भागही मोजले जातात. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात त्याची व्यवस्था सुरू केली, आणि मोटारवाहने व शेतीची अवजारे तिच्या कक्षेत घेतली. त्या विचारातून एक पाऊल पुढे टाकायला हवे. नोंदणीकृत भंगार केंद्रांनी सीट, दिवे, मडगार्ड असे भाग आधी काढून, कुठल्या गाडीतून निघाले ते लिहून, पावतीने विकावेत. मग पावतीचा प्रश्नही सुटतो आणि चाचांसारख्यांना मालही उजळ माथ्याने घेता येतो. जी माणसे आज हा धंदा करतात त्यांना बाजूला सारून नव्हे, त्यांना परवाने देऊन. पिळलेला पत्रा फरशीवर ठेवून ओळखणारी नजर त्या केंद्रांना आयती कुठे मिळणार?

ज्यांना जायचे असेल त्यांनी दसऱ्याच्या आत जावे. टोळ्या निघायच्या सुमारास मोटारसायकलींच्या सीटांना मागणी फार येते. हल्ली ट्रॉलीत संसाराबरोबर मोटारसायकलही चढते, आणि पाच-सहा महिने परमुलखात तीच दवाखान्याची आणि बाजाराची गाडी असते. त्यामुळे चांगले पत्रे लवकर उचलले जातात. जाताना आपली फाटकी सीट सोबत न्यावी, मापाला सुतळी लावत बसू नये. कुशनवाल्याला फोम मागच्या अंगाला, विशेषतः डाव्या कडेला, जाड भरायला सांगावा. तो ‘गरज नाही’ म्हणेल, तरी सांगावा. आणि गाडीवर मागे जी बसते तिला बरोबर न्यावे. सीट गाडीला लावल्यावर, पैसे द्यायच्या आधी, तिला वर बसवून गावातल्या एखाद्या खड्ड्याखुड्ड्याच्या रस्त्याने एक चक्कर मारावी आणि ती काय म्हणते ते ऐकावे.